आधी गळती बुजवा, उपदेश नंतर



गेल्या हंगामात आमच्याकडून एक चूक झाली. ती या पानावर लिहिल्याशिवाय जिल्हा बैठकीत तोंड वर करून बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

एका गावी आमच्या कार्यकर्त्यांनी कर्जात रुतलेल्या एका कास्तकाराला मदत करायचे ठरवले. हेतू चांगला होता. त्याला पारावर बोलावले, कोणाचे किती देणे आहे ते चारचौघांत विचारले आणि वहीत उतरवून घेतले. एकाने पोरीच्या लग्नातल्या खर्चावरून त्याला चार शब्द ऐकवले. दुसऱ्याने दारूचा विषय काढला. तिसरा म्हणाला, "पासबुक आन् कार्ड आमच्यापाशी ठेव, महिन्याच्या महिन्याला आम्ही पैसे काढून देऊ." तो माणूस मान खाली घालून हो हो म्हणत राहिला. वहीत पाच देणी लिहिली गेली. सहावे त्याने सांगितलेच नाही, कारण ज्याचे ते देणे होते त्याचा सोयरा त्याच पारावर बसला होता. आठ दिवसांत ते सहावे देणे चुकवायला त्याने दुसऱ्याच एकाकडून शेकडा दहा महिन्याने पैसे उचलले.

पुढे त्याची बायको आमच्या एका भगिनीला म्हणाली, "तुम्ही आले नसते तं बरं झालं असतं. हे दहा टक्क्याचं तं नसतं झालं."

या वाक्यावर आमच्यापाशी उत्तर नाही. मदत करायला गेलो आणि घराचे नुकसान वाढवून आलो. ही गोष्ट एका गावची नाही. जिथे जिथे शहाणी माणसे अडलेल्या माणसाच्या पैशात हात घालतात, तिथे तिथे हे घडते. म्हणून या अंकात भाव, निर्यात, वीज हे विषय बाजूला ठेवून आम्ही एवढाच प्रश्न घेतला आहे: अडलेल्या घराच्या हिशेबाला बसावे कसे, म्हणजे निदान आपल्या बसण्याने त्याचे वाटोळे होणार नाही?

फवारणीचा धडा

आमच्यातलाच कोणी उठून विचारील, हे काय चालवले आहे? पिकाचा भाव खर्च भरून देत नाही तोवर घराघरात वह्या मांडून काय होणार? उण्याची वजाबाकी कितीही सुबक अक्षरात मांडली तरी खाली येणारा आकडा उणाच. शेतकरी उधळ्या आहे म्हणून कर्जबाजारी झाला, हे शहरातल्या शहाण्यांचे म्हणणे आपण आजवर खोडत आलो. आता आपणच काटकसरीचे धडे देणार का?

प्रश्न रास्त आहे. काटकसरीचे धडे आम्ही देणार नाही. कोरडवाहू कपाशी आणि ज्वारीवर जगणाऱ्या घराला काटकसर शिकवणे म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे महत्त्व सांगणे होय. पण २०१७ साल आठवा. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वेळी कोणी म्हणाले, फवारणीच बंद करा. ज्याच्या पऱ्हाटीवर अळी पडली आहे त्याला हे सांगून उपयोग काय? तो फवारणारच. मग त्याला सांगायचे काय? वाऱ्याकडे तोंड करून फवारू नको. तोंडाला फडके, हातात मोजे घाल. उपाशीपोटी पंप उचलू नको. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नको. औषध घरात पोरांच्या हाताला लागेल असे ठेवू नको. एवढे केल्याने अळीचा प्रश्न सुटत नाही, बियाण्याचा सुटत नाही, भावाचा तर नाहीच नाही. पण माणूस संध्याकाळी घरी परत येतो. आणि परत आला तरच उद्या भावासाठी रस्त्यावर बसू शकतो.

पैशाचेही तसेच आहे. सावकाराकडे जाऊ नका, हे सांगणे सोपे आहे. बँकेने दार लावले आणि मृग बरसला, तर माणूस सावकाराकडे जाणारच. प्रश्न एवढाच की जाताना तो कोरा कागद देऊन येतो, की आकडा लिहिलेला कागद देऊन येतो. पहिल्यात शेत जाते, दुसऱ्यात फक्त व्याज जाते. हा फरक लहान नाही.

जाळले ते कागद

हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळत होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि ते लोण पुणे-नगरकडच्या गावोगावी पसरले. त्या उठावात लोकांचा मुख्य रोख होता तो सावकाराच्या पेटीतल्या खतांवर आणि रोख्यांवर. जिथे कागद हाती आले तिथे ते जाळले गेले. अडाणी म्हणून हिणवलेल्या त्या माणसांना पक्के ठाऊक होते की आपल्या गळ्याला फास लागतो तो कागदाचा. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. शेतकऱ्याचा कर्जरोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद त्यात आली.

आज पेटी बदलली, कागद बदलले. कोरा स्टॅम्प, सही केलेले कोरे चेक, कर्जापोटी करून दिलेले 'विश्वासाचे' खरेदीखत, आणि आता बँक मित्राच्या यंत्रावर लावलेला अंगठा. फास तोच आहे. म्हणून अडलेल्या घरी गेल्यावर पहिला प्रश्न 'किती देणे आहे' हा नसावा. पहिला प्रश्न असावा, 'तुमची सही कुठे कुठे अडकली आहे?'

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा आपल्या बाजूने काही गोष्टी सांगतो. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. कागदात रकान्याची जागा कोरी सोडून त्यावर सही घेता येत नाही. शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर परवानाधारक सावकाराला तारण असेल तर वर्षाला शेकडा ९ आणि तारण नसेल तर शेकडा १२ एवढेच व्याज घेता येईल, असे दर २०१४ साली ठरले. बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन, व्यवहार मागच्या १५ वर्षांतला असेल तर, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून चौकशीअंती परत मिळू शकते. तालुक्याला सहायक निबंधकाच्या कचेरीत हा अर्ज देता येतो.

पण इथेही सावध राहा. आपला कार्यकर्ता कायदा वाचून तावातावाने दुसऱ्याच्या वतीने तक्रार ठोकतो आणि घरी जाऊन झोपतो. गावातली इतर दारे त्या घराला बंद होतात आणि पेरणीच्या तोंडावर त्याला कोणी पसाभर बियाणे उधार देत नाही. तक्रार करायची की नाही, केव्हा करायची, हे त्या घराने ठरवायचे. आपण कायदा सांगावा, कागदांच्या नकला काढून ठेवाव्यात, आणि त्यांनी हो म्हटल्यावर कचेरीत सोबत जावे.

नुकसान करणारे मदतनीस

उपदेशक घरात शिरताच माणसाच्या चुका मोजायला लागतो. त्याने लाज वाढते. लाजलेला माणूस कर्ज लपवतो आणि लपवलेले कर्ज सर्वांत महाग पडते. पारावर आम्ही नेमके हेच केले.

वसुलीदार मदतीच्या नावाखाली देणेकऱ्यांची बाजू सांभाळतो. 'आधी सगळ्यांचे चुकते कर, अब्रू राख' असे तो म्हणतो. चुकारा एका दिवसात वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात तेल-मीठ उधार येते.

कारभारी सर्वांत गोड बोलतो. 'तुला जमत नाही, आण इकडे, मी पाहतो' म्हणत तो पासबुक आणि कार्ड ताब्यात घेतो. त्याची नियत चांगली असली तरी त्या घराची अक्कल तो गहाण ठेवून घेतो. नियत फिरली तर विचारायलाच नको.

सरकार हा असाच एक मोठा कारभारी आहे. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या १ लाख रुपयांचेच पाहा. २००६ सालापासूनच्या पद्धतीत ३० हजार हाती द्यायचे आणि ७० हजार विधवेच्या नावे ठेवीत अडकवायचे असे ठरले. यामागची भीती खोटी नव्हती. दारात देणेकरी उभे असतात, दीर-सासऱ्यांचाही डोळा असतो, आणि एकरकमी पैसा हाती आला तर आठ दिवस टिकणार नाही. काही बायांची रक्कम त्या ठेवीमुळेच वाचली असेल. पण दुसरी बाजूही पाहा. जूनमध्ये बियाण्याला पैसा नाही म्हणून तीच बाई शेकडा पाच महिन्याने कर्ज काढते आणि तिचे स्वतःचे ७० हजार वर्षाला शेकडा सात-आठ व्याजाने बँकेत झोपलेले असतात. तिला कोणी विचारले का, की बाई, तुला यातले किती आत्ता हवे, किती अडकवून ठेवायचे आणि कोणापासून लपवायचे? हा प्रश्न विचारायला सरकारला वेळ नाही. तो आपण विचारला पाहिजे.

तेरा दिवस सही नाही

घरातला कर्ता गेला की पहिले तेरा दिवस सर्वांत धोक्याचे. सांत्वनाला येणाऱ्यांत देणेकरीही असतो. तो रडतो, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि निघताना म्हणतो, 'वहिनी, हिशेबापुरती एक सही करा.' त्या सहीने नवऱ्याचे देणे बाईचे स्वतःचे होऊन बसते. मुदत संपत आलेल्या जुन्या कर्जालाही लेखी कबुलीने नवे आयुष्य मिळते. म्हणून आमचा आग्रह आहे की तेरावे होईपर्यंत कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा नको. गावाने हा नियमच करावा. म्हणजे नाही म्हणण्याचा भार त्या बाईवर पडणार नाही, गाव तिच्या वतीने नाही म्हणेल.

कायदा तिच्या बाजूचा आहे. मेलेल्या माणसाचे कर्ज वारसांना लागते ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. तिने स्वतः जामीन राहून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. तिच्या माहेरचे सोने, तिची मजुरी यावर त्या कर्जाचा हक्क नाही.

त्याच तेरा दिवसांत एक काम मात्र करावे. नवऱ्याचे पासबुक छापून आणावे आणि वर्षातून एकदा ४३६ किंवा २० रुपये कापले गेले आहेत का ते बघावे. ४३६ कापले असतील तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, २० कापले असतील तर तो अपघाताचा सुरक्षा विमा आहे. दोन्हींत २ लाखांपर्यंत रक्कम मिळते. गटाचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज असेल तर त्यासोबत विमा उतरवला होता का, तेही विचारावे. पुष्कळदा विमा असतो, पण सांगायला कोणी येत नाही.

चुकाऱ्याचा दिवस

आता क्रमाचे बोलू. समजा, एका घरात ६० हजारांचा चुकारा आला. देणी अशी: पीककर्ज ८० हजार, कृषी केंद्राची उधारी ३० हजार, आणि शेकडा पाच महिन्याने घेतलेले २० हजार. सगळ्यांत मोठा आकडा पीककर्जाचा, म्हणून डोक्याला ताप त्याचा. पण हिशेब मांडा. ८० हजारांवर वर्षाला शेकडा ७ म्हणजे ५,६०० रुपये. २० हजारांवर महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,०००. चौपट लहान कर्ज दुपटीहून जास्त खाते. लहान भोकातून मोठी गळती ती हीच.

म्हणून आमच्या मते क्रम असा असावा. आधी घरातले धान्य, औषध, पोरांची फी आणि पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला काढावे. हा पैसा देणेकऱ्यांना दाखवूच नये. मग जे गेले तर परत येणार नाही ते सोडवावे: खरेदीखतात अडकलेले शेत, लिलावाला लागलेले सोने, बैलजोडी. त्यानंतर ज्याचा दर सर्वांत जड, ते फेडावे. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले तर व्याजाची सवलत मिळते आणि नवे कर्जही मिळते, तेव्हा ती तारीख डोळ्यांसमोर असू द्यावी. कृषी केंद्रवाल्याशी बोलून अर्धे आज, अर्धे तुरीवर, असे ठरवता येते. बोलणी करायला सोबत कोणी असले तर माणूस ताठ उभा राहतो. पैसे दिले की पावती घ्यावी, पावती देत नसेल तर त्याच्यासमोर आपल्या वहीत लिहून त्याची सही घ्यावी.

हा क्रम आम्ही सांगितला म्हणून पाळावा असे नाही. एखादी माउली म्हणेल, आधी शेजारणीचे दोन हजार देऊ द्या, ती रात्री-अपरात्री माझ्या उपयोगी पडते. तिचे बरोबर आहे. शेजारणीचा आधार हेही तिचे भांडवल आहे. ते आपल्या वहीत दिसत नाही एवढेच.

मार्चअखेर 'नवे-जुने' करताना चार-आठ दिवसांसाठी सावकाराचे पैसे उचलायची आपल्याकडे रीत पडली आहे. करावे लागले तर करा, पण भरणा करण्याआधी शाखेत जाऊन नवे कर्ज कोणत्या तारखेला खात्यात पडेल ते विचारा आणि सगळे कागद आधीच देऊन ठेवा. बँकेने महिना लावला तर आठ दिवसांचे व्याज महिन्याचे होते. आणि आठ दिवसांच्या पैशासाठी कोरा चेक देऊ नका.

गटाच्या कर्जाचेही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घातलेल्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन किंवा तगादा चालत नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची, लागोपाठ दोनदा माणूस तिथे आला नाही तरच घरी यायचे. पण इथे दार वाजवणारी पुष्कळदा आपलीच गटातली शेजारीण असते, कारण एकीचा हप्ता चुकला की इतरांवर येतो. तिच्याशी भांडू नका. दोघींना सोबत बसवा आणि साहेबाला हे नियम दोघींनी मिळून सांगावेत.

म्हातारीचा अंगठा, नवऱ्याची बाटली

निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, हा दर २०२३ पासूनचा. कोणाला हा चिल्लर पैसा वाटेल. ज्या म्हातारीला घरात कोणी विचारत नाही, तिला त्या पैशामुळे चहा मिळतो. तिचा अंगठा यंत्रावर लावून 'आला नाही, पुन्हा लाव' असे सांगायचे, दोनदा पैसे काढायचे आणि एकदाच हातात द्यायचे, असे प्रकार घडतात. कधी हे करणारा घरचा नातूच असतो. म्हणून सोबत्याने तिच्याबरोबर जावे, प्रत्येक अंगठ्याची पावती मागावी आणि महिन्यातून एकदा पासबुक छापून आणावे. पैसे आधी तिच्या हातात पडावेत, तिने मोजावेत, मग नातवाला द्यायचे तर तिने द्यावेत. आधारचा अंगठा एरवी बंद ठेवता येतो आणि लागेल तेव्हा उघडता येतो. गावातला शिकलेला पोरगा हे तिला करून देऊ शकतो, फक्त तिला विचारून. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा लांब जातो.

दारूचे घर याहून अवघड. तिथे आपण कार्ड हिसकावायला जातो. नवरा भडकतो आणि रात्री मार बायकोला पडतो. म्हणजे नुकसान आपण केले. दारू सुटेल तेव्हा सुटेल, त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा. किराणा मात्र आजच भरायचा आहे. शुद्धीवर असताना त्याच्याशीच ठरवावे की चुकाऱ्याच्या दिवशी दोघांनी सोबत जायचे, परत येताना वाटेतच किराणा आणि फी भरायची, बायकोच्या खात्यात ठरलेला भाग टाकायचा आणि उरलेले त्याने न्यायचे. उरलेल्याची तो दारू पिईल, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही हे बरे, कारण घर जेवते आणि त्याने स्वतः कबूल केलेले असल्यामुळे पुढल्या वेळी तो पुन्हा यायला तयार होतो.

आणि एक गोष्ट, जी हिशेबाच्या वहीपेक्षा मोठी आहे. हिशेब मांडताना एखादा माणूस अचानक शांत झाला, निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर वही मिटा. व्याज-मुद्दल सगळे बाजूला ठेवा. त्याला सरळ विचारा की जिवाचे काही करण्याचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध शेजाऱ्याकडे किंवा कुलपात ठेवा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते, तो लावून द्या आणि दुसऱ्या दिवशी सोबत दवाखान्यात जा. कर्जाला तारखा मागून घेता येतात.

बैठकीपुढे ठराव

येत्या जिल्हा बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. प्रत्येक शाखेने दोन सोबती निवडावेत, त्यांतली एक बाई असावी. सोबती स्वतः व्याजाने पैसे देणारा, कृषी केंद्र चालवणारा किंवा वसुलीच्या कामातला नसावा. त्या घराच्या देणेकऱ्याशी नाते असेल तर त्याने तसे सांगून दुसऱ्याला पाठवावे. हिशेबाला पारावर नव्हे, त्या घरात बसावे, आणि घरातली बाई बसल्याशिवाय वही उघडू नये. वही त्याच घरात राहील. पासबुक, कार्ड, गुप्त क्रमांक, चेक यांतले काहीही सोबत्याने आपल्या ताब्यात घेऊ नये, त्या माणसाने आग्रहाने दिले तरी नाही. गेल्या चुकांवर एक शब्द बोलू नये. ऐकलेले दुसऱ्या घरी सांगू नये. जमीन, खरेदीखत, फसवणूक असे प्रकरण असेल तर स्वतः वकिली न करता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावे. बायांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वर्षाअखेर सोबत्याचे काम कसे जोखायचे, हेही ठरले पाहिजे. किती कर्ज फिटले, हा आकडा मागू नका. तो पावसाच्या आणि भावाच्या हाती आहे. विचारायचे ते असे: या वर्षात त्या घराने नवा कोरा कागद दिला का? शेत राहिले का? चूल बंद पडली का? आणि अडचण आली तेव्हा त्यांनी आपण होऊन सोबत्याला बोलावले का?

पारावरच्या त्या कास्तकाराकडे आम्ही पुन्हा गेलो. आमच्या दोन भगिनी गेल्या, त्याही सांजेला, कोणी पाहत नसताना. पहिल्या दिवशी वही काढलीच नाही. तिसऱ्या खेपेला त्याने सहावे देणे सांगितले आणि सातवेही. तूर विकून दहा टक्क्यांचे आधी मोकळे केले आणि कोऱ्या स्टॅम्पवरची त्याची सही परत आणली. बाकीचे देणे आहे तसेच आहे. ते फिटायला पिकाला भाव लागेल आणि त्या भावाची लढाई आपल्याला लढायचीच आहे. पण त्याचे शेत आज त्याच्या नावावर आहे आणि या खरिपात तो वखरपाळी करतो आहे.

ठरावावर बोलायला येताना आपल्या शाखेने निवडलेली दोन नावे लिहून आणावीत. नाव देण्याआधी त्या माणसाला एवढे विचारून या, की दुसऱ्याचे ऐकून घेताना तो गप्प बसू शकतो का.